आउटबोर्डचा (होडीच्या मागे बाहेरून लावलेल्या इंजिनाचा) गिअर रिव्हर्सला पडत नाही, थ्रॉटलपण (वेग कमी-जास्त करायचा) जड झालाय. गिअरबॉक्स उघडावा लागेल का?

नाही. मेकॅनिक जर म्हणत असेल की इंजिनाचा खालचा भाग (गिअरबॉक्स त्यातच असतो) उतरवून बघू, तर त्याला चहा पाजा आणि तो चहा पितोय तोवर स्वतः कव्हर काढून केबल बघा. मी हे न बघितल्यामुळे 11 हजार घालवलेत, म्हणून एवढं लिहितोय.

आमची फायबरची होडी, 40 एचपीचं मशीन, साइडला रिमोटचा डबा, म्हणजे लिव्हर असलेला कंट्रोल, त्यातून इंजिनापर्यंत दोन केबल जातात, एक गिअरची, एक थ्रॉटलची. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद, म्हणजे दोन महिने होडी वर ओढून ताडपत्रीखाली. ऑगस्टमध्ये पाण्यात टाकली तेव्हाच लिव्हर जड लागत होती. मामा म्हणाला, बसून बसून आखडलंय, चालेल. वर केबलच्या तोंडात स्प्रे मारला, झालं. चार दिवसांनी वर्सोव्याच्या खाडीत शिरतोय, भरती चढत होती, पाणी आत ढकलतंय, दोन्ही बाजूला होड्या बांधलेल्या. थ्रॉटल खाली घेतला, न्यूट्रलला आलो, आता रिव्हर्स मारून होडी थांबवायची तर लिव्हर हलेचना. भिंतीत गाडल्यासारखी. होडीला काय ब्रेक असतो का? शेजारच्याच्या होडीला जाऊन ठोकली, त्याच्या फायबरला वीतभर चीर, भरपाई आम्ही दिली. आणि मामा सगळ्या धक्क्यासमोर काय म्हणतो, तर "हा लिव्हर जोरात मारतो, याने गिअर तोडला".

मेकॅनिकनेही मान डोलावली. खालचा भाग उतरवला, गिअर चांगले निघाले, मग आलोच आहे तर म्हणून इंजिन थंड करणाऱ्या पाण्याच्या पंपाचा इंपेलर (आतलं रबरी चाक) बदलला, बसवून दिलं, लिव्हर तश्शीच.

मग मी एकट्याने रविवारी बसलो. तुम्हीपण हेच करा. मशीन बंद, किल कॉर्ड (काढली की इंजिन बंद होतं ती दोरी) काढून खिशात. इंजिनाकडची कोटर पिन (केबल अडकवून ठेवणारी वाकवलेली पिन) काढून गिअरची केबल सोडवा आणि इंजिनावरचा गिअरचा आर्म, म्हणजे केबल जो दांडा ओढते तो, हाताने फिरवा, एकाने मागे पंखा हळूहळू फिरवत राहायचं, कारण मशीन बंद असताना दाते समोरासमोर आले की गिअर पडत नाही आणि लोक उगाच ताकद लावतात. माझा आर्म लोण्यासारखा फिरला, पुढे, न्यूट्रल, मागे. म्हणजे गिअरबॉक्स सुटला. मग डब्याकडूनपण केबल सोडली, लिव्हर मोकळी. राहिली कोण? केबल. बाहेर काढली तर इंजिनाजवळ जिथे तिला घट्ट वळवून कोंबली होती तिथे प्लास्टिक फुगलेलं, ब्लेड मारलं तर तपकिरी पाणी आणि गंजाचा भुगा. स्प्रे मारून हे सुटत नाही, एक-दोन दिवस बरं वाटतं एवढंच. केबल बदलायचीच असते, आणि एक गेली की दोन्ही बदला, दुसरीने पण तेवढंच खारं पाणी प्यायलंय.

नवीन घेताना जुनीवर लांबी छापलेली असते, तेवढीच घ्या, आणि वळण मोठं द्या. बसवताना डबा न्यूट्रलला, इंजिनाचा आर्म न्यूट्रलला, आणि केबलच्या टोकाला आट्यांवर फिरवून बसवलेला जॉइंट न ओढता आपोआप आर्मच्या खुंटीवर बसला पाहिजे. जॉइंट आट्यांवर किमान 8 मिलीमीटर चढलेला हवा, नाहीतर भर समुद्रात सुटून येईल. आधी गिअर लावा, मग थ्रॉटल.

तुमच्या थ्रॉटलचं म्हणाल तर टेस्ट तीच. फक्त आधी डब्यावरचा फ्रिक्शनचा स्क्रू (लिव्हर किती जड चालावी ते ठरवणारा) कोणी आवळून ठेवलाय का ते बघा.

आता "जोरात मारतो"चं. आयडलला (थ्रॉटल पूर्ण खाली, मशीन हळू चालू असताना) गिअर झटक्यातच टाकायचा असतो. आतला डॉग क्लच म्हणजे दाते, ते एकतर अडकतात नाहीतर सुटतात. मामासारखं प्रेमाने हळूहळू ढकललं की दाते एकमेकांवर घासतात, तो कर्रर्र आवाज येतो ना, तो त्याचाच. मशीनची वाट मामाने लावली असती, मी नाही. हां, थ्रॉटल चढलेला असताना झटका मारला तर मात्र खरंच तुटेल, तेवढं ध्यानात ठेवा.

आणि हे सगळं केबलवाल्या कंट्रोलचं आहे, वायरवाल्या डिजिटलचं गणित वेगळं. टिलरवाल्याला (इंजिनालाच दांडा असतो, तो हातात धरून चालवतात) हा डबाच नसतो. तसंच केबल सोडल्यावर आर्मच जड लागला, किंवा गिअर ऑइल दुधासारखं निघालं नाहीतर त्यात धातूचा चुरा दिसला, तर खालचा भाग उघडावाच लागेल. म्हणजे तेव्हा मामाचं बरोबर. पण तो वर्सोव्यात भेटला तर हे मी लिहिलंय म्हणून सांगू नका.