ठमी सूड उगवतेय का?

"सहा वर्षं लेकीसारखी वाढवली आणि आता माझ्याच गादीवर मुततेय. सवत आणलीय ना मी तिच्यावर, सूड उगवतेय!" काकू फोनवर रडायच्याच बाकी होत्या. घरात दुसरं मांजर आलं की मला येणारे बरेच फोन याच सुराचे असतात. पुढचा प्रश्नही ठरलेला : नव्याला परत सोडून येऊ का?

काकू कोथरूडच्या, निवृत्त शिक्षिका. ठमी त्यांची नसबंदीचं ऑपरेशन झालेली भाटी. पार्किंगमध्ये पावसात भिजणारं चार महिन्यांचं बोक्याचं पिल्लू भाच्याने उचलून आणलं आणि "होईल ओळख" म्हणत थेट हॉलमध्ये सोडलं. ठमी फिस्कारली. काकू तिच्यावरच ओरडल्या.

आधी लघवी तपासून घ्या, म्हटलं. मूत्राशयाला सूज असली की लघवी करताना दुखतं आणि मांजर लिटर बॉक्सच, म्हणजे त्याची शी-शूची पेटीच, टाळायला लागतं. (बोका असता आणि जोर करूनही थेंब येत नसता, तर फोन ठेवायला लावून तडक डॉक्टरकडे पिटाळलं असतं, तिथे प्रश्न तासांचा असतो.) ठमीचा रिपोर्ट चांगला आला. मग मी घरी गेले.

लिटर बॉक्स एकच, ड्राय बाल्कनीत. चहा घेत तासभर नुसती बसून राहिले. ठमी उठली, बाल्कनीच्या दारापर्यंत गेली आणि एक पाय उचललेला तसाच ठेवून थबकली. वॉशिंग मशीनमागून शेपटीचं टोक हलत होतं. पिल्लाला वाटत होतं खेळ चाललाय. ठमी मागे फिरली आणि बेडरूममध्ये गेली. तिथली गादी मऊ, काकूंच्या वासाची, आणि तिच्यावरून दार समोर दिसतं.

"काकू, संडासाच्या वाटेवर रोज कुणी दबा धरून बसलं तर तुम्ही काय कराल?"

काकू हसल्या आणि मग गप्प झाल्या.

सगळं पहिल्यापासून सुरू केलं. पिल्लू मागच्या खोलीत, त्याची भांडी आणि लिटर बॉक्स वेगळे. खरं तर हे पहिल्याच दिवशी व्हायला हवं होतं. बाहेरून आलेल्या पिल्लाबरोबर पॅनल्यूकोपेनिया या मांजरांच्या जीवघेण्या आजाराचा विषाणू येऊ शकतो आणि तो घरात महिनोन्‌महिने टिकतो. म्हणून आधी डॉक्टर, लस, आणि मग ओळखपाळख. लिटर बॉक्स एकूण तीन, मांजरांपेक्षा एक जास्त, आणि तिन्ही वेगवेगळ्या ठिकाणी. शेजारी शेजारी मांडले तर मांजराच्या हिशेबी तो एकच.

मग वासाचं काम. मांजराची ओळख आधी नाकाने होते. जुना मोजा पिल्लाच्या गालांवरून फिरवायचा आणि ठमीच्या वावरात टाकायचा. ठमीचा मोजा पिल्लाकडे. पहिल्या दिवशी ठमी मोज्यावरही फिस्कारली. चौथ्या दिवशी हुंगून निघून गेली. त्यानंतर बंद दाराच्या दोन्ही बाजूंना उकडलेलं चिकन, आधी दारापासून लांब, मग रोज वीतभर जवळ.

नवव्या दिवशी काकूंनी घाई करून दार उघडलं. केस उडाले, पिल्लू कपाटाखाली. पुन्हा चार दिवस मागे. मी रागावले नाही; माझ्या घरी पहिल्या वेळी मीही हेच केलं होतं.

पुढे दाराला डासांची जाळी लावली, आणि समोरासमोर आणण्याआधी पिल्लाला पिसाच्या काठीने दहा मिनिटं दमवायचं ठरलं. फिस्कारल्यावर ओरडायचं नाही, हेही बजावलं. फिस्कारणं म्हणजे "लांब राहा", ते भांडण नव्हे. मला जास्त काळजी वाटते ती आवाज न करता टक लावून वाट अडवणाऱ्या मांजराची.

गादी कोरडी राहायला लागली, पण मैत्री म्हणावी तशी दोन महिन्यांनंतरही नाही. परवा काकूंनी फोटो पाठवला : दिवाणाच्या एका टोकाला ठमी, दुसऱ्या टोकाला पिल्लू, मधे लोड. खाली लिहिलं होतं, "दिवाणाचं कव्हर धुवायला काढायचंय, पण लोड हलवायचं धाडस होत नाही."