पिवळ्या आईबापांची काळी पिल्ले

प्रश्न : आमची पिवळी लॅब्रेडोर कुत्री नुकतीच व्याली. ज्या नराकडे आम्ही तिला नेले होते तोही पिवळाच, कागदपत्रे असलेला आहे. सातपैकी दोन पिल्ले मात्र काळीभोर निघाली. नराचे मालक म्हणतात, ‘पणजोबांचा रंग उतरला’, आणि ठरल्याप्रमाणे एक पिल्लू मागतात. माजाच्या दिवसांत ती एकदा फाटकातून निसटून तासभर बाहेर होती, हेही सांगितले पाहिजे. चाचणीने काही कळेल का?
– एक वाचक, लोकमान्यनगर, इंदूर

उत्तर : पणजोबांकडे बोट दाखवून हे प्रकरण मिटणार नाही. लॅब्रेडोरचा पिवळा रंग हा अप्रभावी गुण आहे. काळे रंगद्रव्य तयार करू देणाऱ्या जनुकाच्या दोन्ही प्रती (एक आईकडून, एक बापाकडून आलेली) निकामी असल्या तरच कुत्रा पिवळा दिसतो. त्यामुळे दोन काळ्या कुत्र्यांना पिवळे पिल्लू होऊ शकते, पण दोन पिवळ्यांना काळे होत नाही. ती दोन पिल्ले दुसऱ्या बापाची आहेत आणि तो तासभर, बहुधा, कारणी लागला आहे.

एकाच वेतात दोन बाप असणे कुत्र्यांमध्ये नवलाचे नाही. कुत्रीची अंडी बाहेर पडल्यावर पक्व व्हायला दोन-तीन दिवस लागतात आणि नराचे शुक्राणू तिच्या शरीरात पाच-सात दिवसही टिकतात. म्हणून काही दिवसांच्या अंतराने झालेले दोन्ही संयोग फळाला येऊ शकतात. आपला खरा प्रश्न काळ्या पिल्लांचा नसून पिवळ्या पाचांचा आहे. दुसऱ्या नराकडे पिवळ्या रंगाची एक प्रत लपलेली असेल, तर त्याचीही काही पिल्ले पिवळीच होतील आणि नुसत्या डोळ्यांनी ती वेगळी काढता येणार नाहीत.

इथे डीएनए चाचणी उपयोगी पडते. कुत्र्याच्या ३९ गुणसूत्र-जोड्यांवरील ठरावीक खुणा, म्हणजे कुत्र्यागणिक वेगळे निघणारे डीएनएचे तुकडे, तपासल्या जातात. प्रत्येक खुणेची एक प्रत आईकडून आलेली असते. ती बाजूला काढली की उरलेली बापाकडे असलीच पाहिजे. एखाद्या ठिकाणी न जुळणे हे उत्परिवर्तनामुळेही (डीएनएत आपोआप झालेल्या बदलामुळेही) घडू शकते, परंतु अनेक ठिकाणी जुळले नाही तर तो नर बाप नव्हे, हे निश्चित. जुळणे मात्र संभाव्यतेच्या भाषेतच सांगितले जाते. आई, नर आणि सातही पिल्ले यांचे नमुने द्यावेत. गालाच्या आतून कापसाची काडी फिरवून नमुना घेतात. पिल्लू दूध पिऊन नुकतेच उठले असेल तर काडीला आईच्या पेशी लागतात, म्हणून आधी त्याला काही वेळ आईपासून दूर ठेवावे. महूच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाजवळ राहूनही आपण हा सल्ला आधी पत्राने मागितला, याचे आम्हांला अप्रूप वाटले. नमुना घेताना तेथील वा आपल्या नेहमीच्या पशुवैद्यांची मदत अवश्य घ्यावी.

प्रश्न : ‘रक्त शुद्ध’ राहावे म्हणून माझ्या कुत्रीला तिच्याच बापाकडे न्यावे, असे मला सुचवले जाते. ते योग्य आहे का?
– एक वाचक, सुदामानगर, इंदूर

उत्तर : नाही. बाप-लेकीच्या संततीचा अंतःप्रजनन गुणांक, म्हणजे जनुकाच्या दोन्ही प्रती एकाच पूर्वजाकडून आलेल्या असण्याची शक्यता, २५ टक्के येतो. आते-मामे भावंडांच्या संततीचा ६.२५ टक्के. गोत्र पाहून सोयरीक जुळवणाऱ्या घरांतही कुत्र्याच्या बाबतीत हा हिशेब कुणी मांडत नाही. बंदिस्त वंशात दोष किती खोल मुरतो, हे डाल्मेशियनवरून दिसते. या जातीत युरिक आम्लाचा दोष सर्वत्र पसरला होता आणि त्यातून मूत्राशयात खडे होत. दोषमुक्त प्रतच जातीत उरली नव्हती, म्हणून १९७३ साली पॉइंटर जातीच्या एका कुत्र्याशी संकर करावा लागला. त्या वंशावळीतल्या कुत्र्यांना अमेरिकन केनेल क्लबने नोंदणी दिली ती २०११ मध्ये!

आणखी एक गोष्ट : विविधता घटली की पितृत्वाची चाचणीही अवघड होते. दोन संशयित नर सख्खे भाऊ असले, तर बऱ्याच खुणा दोघांत सारख्याच निघतात आणि प्रयोगशाळेला अधिक खुणा तपासाव्या लागतात.

आपली कुत्री लॅब्रेडोर असेल, तर तिच्या कंबरेच्या सांध्यांचा एक्स-रे दोन वर्षांनंतर काढून घ्यावा आणि दृष्टिपटलाच्या अप्रभावी रोगाची जनुकीय चाचणी करावी. ती त्या रोगाची केवळ वाहक (सदोष जनुकाची एकच प्रत असलेली) निघाली, तर तिला प्रजननातून बाद करण्याचे कारण नाही. नात्यात नसलेला आणि चाचणीत निर्दोष ठरलेला नर तेवढा शोधावा.