पेपर पाठवायच्या आधी पेटंट सर्च कर बाबा

अरे, जर्नलला पाठवायची एवढी घाई नको करूस. आधी पेटंट फाईल, मग पेपर, कारण एकदा छापून आलं की युरोपात नावीन्य संपलं, म्हणजे पेटंट मिळत नाही, आपल्याकडे पेटंट कायद्याच्या कलम ३१ मध्ये १२ महिन्यांची सवलत आहे खरी पण ती ठरावीक प्रसंगांपुरतीच, तिच्या भरवशावर राहू नकोस.

आणि सर्च, म्हणजे तुझी कल्पना आधीच कुणी केलीय का ते शोधणं, हे नुसते कीवर्ड टाकणं नाही हं. समज तुझा वर्सोव्याचे बोंबील सुकवायचा सोलर ड्रायर आहे, तर पेटंटमध्ये कोण बोंबील लिहिणार, ड्रायर तरी लिहितील याची गॅरंटी नाही, "आर्द्रता काढणारं उपकरण" असलं गोलगोल लिहितात मुद्दाम. म्हणून वर्गीकरणाचा कोड धर, म्हणजे पेटंट ज्या विषयात मोडतं त्याचा नंबर, एफ२६बी ३/२८ म्हणजे सूर्यकिरणांनी वगैरे सुकवणं. एस्पेसनेटवर, म्हणजे युरोपियन पेटंट ऑफिसच्या सर्च साइटवर, फुकटात दिसतं. एक बरं पेटंट सापडलं की त्यात कुठल्या पेटंटांचा संदर्भ दिलाय आणि त्याचा संदर्भ पुढे कुणी दिलाय ते दोन्ही बघत जा, खरा माल तिथेच मिळतो. भारतातलं इनपासवर, म्हणजे आपल्या पेटंट ऑफिसच्या सर्च साइटवर बघ. अर्ज साधारण १८ महिने बाहेर येतच नाहीत, त्यामुळे आज काही दिसलं नाही तरी सहा महिन्यांनी परत सर्च मार.

एआय टूल वापर, पण नंबर उघडून बघ, नसलेली पेटंटं पण बिनधास्त सांगतात ती.

जर्नलचं म्हणशील तर यूजीसीने केअर यादी, म्हणजे मान्य जर्नलांची यादी, २०२५ मध्ये बंद केली, आता पारख आपल्यालाच करायचीय. "तीन दिवसांत छापतो" असा मेल आला की डिलीट. आणि फाईल करायला मुंबईच्या पेटंट ऑफिसात, अँटॉप हिलला, खेपा घालू नकोस, ऑनलाइन होतं सगळं.