ईसीजी नॉर्मल, मग रिस्क हाय कशी?

प्रश्न: डॉक्टर नमस्कार, माझे वडील 72 वर्षांचे आहेत, आडगावला आमची द्राक्षबाग आहे. मागच्या महिन्यात रात्री जेवण झाल्यावर त्यांच्या छातीत दाबल्यासारखं झालं, घाम फुटला, आम्ही गॅस समजून सोडा दिला पण बरं वाटेना म्हणून नाशिकला हॉस्पिटलमध्ये नेलं. ईसीजी नॉर्मल, ट्रोपोनिन म्हणजे हृदयाला इजा झालीय का ते सांगणारी रक्ततपासणी, ती पण नॉर्मल. तरी सोडलं नाही, तीन तासांनी परत ट्रोपोनिन केलं ते वाढलेलं निघालं, मग म्हणाले ग्रेस स्कोर 148 आहे, हाय रिस्क, सकाळी अँजिओग्राफी करू. ब्लॉकेज निघालं, स्टेंट टाकला, आता घरी बरे आहेत. पण मोठा भाऊ म्हणतो ईसीजी नॉर्मल, शुगर नाही, तंबाखू नाही, मग हाय रिस्क कसली, बिलासाठी घाबरवलं आपल्याला. आणि शेजारच्या बेडवरच्या पेशंटला रात्रीच आत घेतलं, मग आमच्या वडिलांना सकाळपर्यंत का थांबवलं? – एक वाचक, आडगाव

उत्तर: तुमच्या वडिलांना त्या रात्री सोडलं नाही हेच सगळ्यात चांगलं झालं. हार्ट अटॅकमध्ये पहिला ईसीजी नॉर्मल येऊ शकतो आणि ट्रोपोनिन रक्तात चढायला काही तास लागतात, म्हणून लवकर आलेल्या पेशंटचं एकदा नॉर्मल आलं तर ते परत करावंच लागतं.

आता 148 चा हिशोब. ग्रेस स्कोर म्हणजे अटॅक आलेल्या पेशंटच्या जिवाला किती धोका आहे ते मोजायचे पॉइंट. ते 100 पैकी नसतात आणि टक्केही नसतात. वडिलांचे रिपोर्ट तुम्ही पाठवलेत त्यावरून मांडून बघितलं: सत्तरीतलं वय म्हणून 75, नाडी 96 म्हणून 15, वरचं बीपी 130 म्हणून 34, किडनी कशी चालतेय ते सांगणारं क्रिएटिनिन 1.4 म्हणून 10 आणि ट्रोपोनिन वाढलं म्हणून 14, झाले 148. ईसीजीत बदल असते तर अजून 28 वाढले असते. म्हणजे ईसीजीचा एकही पॉइंट नसताना ते 140 च्या वर गेले, निम्मे पॉइंट तर नुसत्या वयाचे. 140 च्या वर म्हणजे हॉस्पिटलमध्ये असतानाच दगावण्याची शक्यता 3 टक्क्यांहून जास्त. भावाला ही बेरीज कागदावर करून दाखवा.

शुगर-तंबाखूचं म्हणाल तर ग्रेसमध्ये त्यांचा रकानाच नाही, कोलेस्टेरॉलचाही नाही. या गोष्टी हृदयरोग होईल का ते सांगतात, पण एकदा अटॅक आल्यावर शरीर तो कसा झेलतंय हे नाडी, बीपी आणि किडनीवरून कळतं. बीपीचं तर लोकांना उलटंच वाटतं, इथे बीपी जितकं कमी तितके पॉइंट जास्त, कारण अटॅकमध्ये बीपी पडणं म्हणजे हृदय थकतंय.

शेजारच्या पेशंटच्या ईसीजीत बहुतेक एसटी, म्हणजे आलेखातला एक ठराविक भाग, वर गेलेली असणार, म्हणजे नस पूर्ण बंद. तिथे स्कोर काढत बसत नाहीत, थेट कॅथलॅब, म्हणजे अँजिओग्राफी-अँजिओप्लास्टी करतात ती खोली, आणि सुरगाणा-पेठसारख्या लांबच्या गावातून यायचं असेल आणि दोन तासांत अँजिओप्लास्टी होणार नसेल तर आधी गुठळी विरघळवायचं इंजेक्शन. वडिलांची नस पूर्ण बंद असल्याची खूण नव्हती, दुखणं थांबलेलं होतं, बीपी टिकून होतं, अशा वेळी 24 तासांच्या आत अँजिओग्राफी हा नियम आहे. 2009 च्या टिमॅक्स अभ्यासात 140 च्या वर स्कोर असलेल्यांना अशी लवकर केल्याचा स्पष्ट फायदा दिसला, खालच्यांना फारसा नाही. दुखणं सुरूच राहिलं असतं किंवा बीपी पडलं असतं तर मात्र स्कोर काहीही असो, रात्रीच आत घ्यावं लागलं असतं.

एक गोष्ट मला कायम खटकते ती सांगतो. ग्रेस ज्या देशांच्या नोंदींवर बसवला त्यात भारत नव्हता आणि आपल्याकडे चाळिशीतली माणसं अटॅक घेऊन येतात, त्यांना वयाचे जेमतेम 25 मिळतात आणि स्कोर कमी दिसतो. म्हणून तरुण पेशंटच्या बाबतीत आकडा कमी आला की निर्धास्त होऊ नका.

आणि वडील गुडघ्यांसाठी मेडिकलमधून पेनकिलर आणून खातात असं तुम्ही जाता जाता लिहिलंय, ते आधी थांबवा. किडनी आणि हृदय दोन्हीला ते वाईट आहे. रक्त पातळ करायच्या दोन्ही गोळ्या मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक दिवसही बंद करायच्या नाहीत, दात काढायचा असला तरी.

प्रश्न: वय 41, बीपीची गोळी चालू आहे. छातीत दुखलं म्हणून गेले होते, हार्ट स्कोर 2 सांगून घरी पाठवलं. काळजी करू का? – एक वाचक, सिडको

उत्तर: ताई, हा वरच्या ग्रेसपेक्षा वेगळा स्कोर, छातीत दुखतंय म्हणून आलेल्यांसाठीचा. या स्कोरमध्ये दुखण्याचं वर्णन, ईसीजी, वय, रिस्क फॅक्टर आणि ट्रोपोनिन या पाच गोष्टींना प्रत्येकी 0 ते 2 देतात. 3 पर्यंत लो रिस्क, पुढच्या सहा आठवड्यांत मोठा त्रास होण्याची शक्यता 2 टक्क्यांच्या आत. तुमचं ट्रोपोनिन दुसऱ्यांदाही नॉर्मल होतं ना तेवढं कागदावर बघून घ्या. पण तो स्कोर त्या दिवसाच्या दुखण्याचा होता, परत दुखलं, जबड्यात किंवा हातात कळ गेली, दम लागला तर जुना कागद दाखवत घरी बसू नका, 108 ला फोन करा.