दुसऱ्या महायुद्धात बोटीवर असलेल्या पणजोबांची नोंद कुठे मिळेल?

तुम्ही लिहिलंय की नौदलाकडे चौकशी केली, तिथे नाव निघालं नाही, आणि आता घरातले म्हणू लागलेत की म्हातारा थापाच मारत असणार. या शेवटच्या वाक्यामुळे मी उत्तर लिहायला बसले आहे.

नौदलात नाव निघणारच नव्हतं. रत्नागिरीकडचा माणूस, मालाच्या बोटीवर, विलायतेपर्यंत जाऊन आलेला, म्हणजे तो व्यापारी बोटीवरचा खलाशी. रॉयल इंडियन नेव्हीचा आणि त्याचा काही संबंध नाही. 'आमचे पणजोबा नेव्हीत होते' हे सांगायला बरं वाटतं म्हणून लोक वर्षानुवर्षं चुकीच्या दारात उभे राहतात. व्यापारी बोटीवर असणं कमीपणाचं नाही. युद्ध सुरू झालं तेव्हा आपल्या खलाशाला गोऱ्या खलाशाच्या पाचव्या हिश्शाच्या आसपास पगार होता. पाणबुडीचा टॉर्पेडो मात्र दोघांना सारखाच लागायचा.

आता माझ्या आजोबांचं सांगते.

आमचं गाव गुहागर तालुक्यात, खाडीच्या काठावर. आजोबा म्हातारपणी पडवीत बसून एकच गोष्ट सांगायचे. "मी माथेरानावर होतो. रात्रीचं माथेरान बुडालं. मग आम्हाला लोमानानं घेतलं, तर सकाळी लोमानपण गेलं." एवढंच. मधलं काही नाही, पुढचं काही नाही. गणपतीला सगळे जमले की काका मुद्दाम त्यांना बोलतं करायचे आणि मग म्हणायचे, "बाबा, माथेरानात बुडायला समुद्र कुठे आहे? शार्लट लेकमध्ये पडला होतात काय?" सगळी पडवी हसायची. मीही हसलेली आहे, आठ-नऊ वर्षांची असताना. आजोबा गप्प व्हायचे. पुढे पुढे त्यांनी सांगणंच सोडलं. ते गेले तेव्हा घरात सर्वांचं ठरलेलं मत असं होतं की ते उमेदीत मुंबईत कुठेतरी हमाली करत असावेत आणि दारूच्या नादात बोटीच्या गोष्टी रचत असावेत.

त्यांची नळी असती तर हे बोलायची कुणाची छाती झाली नसती. नळी म्हणजे खलाशाचा नोकरीचा दाखला. किती बोटी केल्या, कधी चढला, कधी उतरला, सगळं त्यात असतं. आजीनं ती ट्रंकेत ठेवली होती. घराचं छप्पर बदललं त्या वर्षी काकांनी ट्रंकेतले कागद रद्दीत घातले. तुमच्या घरी असं काही असेल तर आजच काढून फोटो घ्या, उद्यावर टाकू नका.

मी शोधायला लागले ती मुंबईपासून, आणि तिथेच दोन वर्षं फुकट गेली. नाव, बापाचं नाव, गाव सांगून एका कार्यालयात इतक्या खेपा घातल्या की शिपाई मला ओळखायला लागला. काही निघालं नाही.

मग एके दिवशी मालाकंद नावाच्या बोटीबद्दल वाचत होते. १९४१ च्या मे महिन्यात लिव्हरपूलच्या गोदीत दारूगोळ्यानं भरलेली ती बोट स्फोट होऊन उडाली. तिची कंपनी ब्रॉकलबँक. त्या कंपनीच्या बोटींची नावं सगळी 'म'ची आणि बरीचशी आपल्याकडची. मालाकंद, मंदसोर, माथेरान.

माथेरान. मी खुर्चीतून उठले आणि परत बसले.

एस. एस. माथेरान, १९१९ साली बांधलेली. कॅनडातल्या हॅलिफॅक्सहून लिव्हरपूलला निघालेल्या एचएक्स ७९ या ताफ्यात होती. ४९ बोटींचा ताफा, त्यातल्या १२ बुडाल्या. १९ ऑक्टोबर १९४० च्या रात्री यू-३८ या जर्मन पाणबुडीनं माथेरान बुडवली. कप्तान धरून नऊ माणसं गेली. उरलेल्यांना लॉक लोमंड या बोटीनं उचललं. दुसऱ्या दिवशी सकाळी यू-१०० नं लॉक लोमंडही बुडवली, आणि माथेरानच्या वाचलेल्यांना पुन्हा एचएमएस जेसन या ब्रिटिश युद्धनौकेनं उचललं.

लॉक लोमंड. लोमान. आजोबांनी एकही शब्द चुकीचा सांगितला नव्हता. ते 'माथेरानला' म्हणत नव्हते, 'माथेरानावर' म्हणत होते. माथेरान डोंगरावर आहे म्हणून आम्हाला तो 'वर' खटकला नाही, नाहीतर कुणीतरी आधीच विचारलं असतं की नक्की कशावर.

मुंबईत नाव का नव्हतं तेही मग कळलं. ब्रॉकलबँकचा धंदा कलकत्त्याचा, भरती तिथलीच. आईला एवढंच आठवत होतं की मुंबईत घाटसारंगाला, म्हणजे बोटीवर माणसं लावणाऱ्या दलालाला, चारायला पैसे नव्हते म्हणून आजोबा कुणा गाववाल्याबरोबर "बंगाल्यात" गेले होते. ही गोष्टही घरात कुणी कधी खरी धरली नव्हती.

तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर. आधी माणूस शोधू नका, बोट शोधा. बोटीचं नाव मिळालं की लॉइड्स रजिस्टर या बोटींच्या वार्षिक नोंदवहीतून तिचा अधिकृत क्रमांक काढा. १९३० ते १९४५ चे खंड इंटरनेटवर फुकट बघायला मिळतात. लंडनजवळ क्यू इथे ब्रिटनचं राष्ट्रीय अभिलेखागार आहे. तिथे बीटी ३८१ या मालिकेत युद्धकाळातले खलाशांचे करारनामे आणि याद्या आहेत, त्या या क्रमांकानं लावलेल्या आहेत, नावानं नाहीत. बोट कुठून कुठे गेली त्याची कार्डं बीटी ३८९ मध्ये. १९४१ पासून खलाशांची नावनिशी नोंद सुरू झाली, ती बीटी ३८२ मध्ये, आणि त्यात आशियाई खलाशांचा भाग वेगळा आहे. आजोबांची बोट १९४० ची, त्यामुळे आम्हाला करारनाम्याशिवाय गत्यंतर नव्हतं. माझ्या मैत्रिणीची मुलगी तिकडे शिकत होती, ती क्यूला जाऊन फोटो काढून आली. वाचककार्ड काढलं की स्वतःच्या मोबाइलनं फोटो काढू देतात.

तुमचे पणजोबा परत आले नसते तर काम सोपं होतं, हे लिहिताना वाईट वाटतं पण तसंच आहे. युद्धात गेलेल्या सुमारे सहा हजार भारतीय व्यापारी खलाशांची नावं राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या यादीत आहेत. तिची एक वही मुंबईत मस्जिद बंदरच्या सेलर्स होममध्ये, दुसरी चितगावच्या युद्धस्मशानात. जिवंत परतलेल्यांची अशी वही नाही. म्हणून तर परतलेल्यांना घरातलेच खोटं पाडू शकतात.

फोटो आले ते मी तीन दिवस भिंगाखाली बघत होते. नावाचं स्पेलिंग असं की मोठ्यानं उच्चारून बघितल्याशिवाय कळू नये. पण बापाचं नाव बरोबर, गाव बरोबर, वय एकवीस. हुद्दा खलाशी. शेवटी सहीच्या जागी अंगठा.

प्रिंट काढून काकांकडे घेऊन गेले. काका आता ऐंशीच्या पुढे आहेत. त्यांनी बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "नाव चुकलंय. हा दुसरा कोणी असेल." मी विचारलं, आपल्या गावचा, आपल्याच पणजोबांचा मुलगा, माथेरानवर असलेला दुसरा कोण, सांगा. ते म्हणाले, अंगठा कुणाचाही असतो. त्यानंतर आम्ही या विषयावर बोललेलो नाही. पण या वर्षी गणपतीला मी तो कागद काचेच्या फ्रेममध्ये घालून पडवीत लावला, आजोबा बसायचे त्याच खांबाला. तो तिथेच राहणार, मग कुणाला आवडो न आवडो.

म्हणून घरातल्यांना एक सांगा. म्हातारं माणूस बोललं ते शब्दाला शब्द लिहून काढा, व्याकरणासकट. अर्थ लागत नाही म्हणून दुरुस्त करू नका. आमच्या घरात 'लोमान' हा शब्द कुणीतरी सुधारून 'हनुमान' केला होता, तसा तो टिकला असता तर मला लॉक लोमंड कधीच जुळली नसती.

काही गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या त्या आता सांगते. हा सगळा अनुभव ब्रिटिश कंपनीच्या बोटीचा आहे. पणजोबा सिंदियासारख्या देशी कंपनीत असतील तर वाट वेगळी. करारनामे बहुतेक इंटरनेटवर नाहीत, प्रत्यक्ष जाऊनच बघावे लागतात. पदकं मिळाली तर त्यांवर नाव शोधत बसू नका, व्यापारी खलाशांच्या पदकांवर सहसा नाव कोरलेलं नसतं. आणि एकाच नावाचे दोन खलाशी एका बोटीवर असणं अजिबात दुर्मीळ नाही, तेव्हा बापाचं नाव आणि गाव जुळल्याशिवाय फ्रेम करू नका.

तुमच्या प्रश्नात बोटीचं नाव नाही. पणजोबा ते जसं उच्चारायचे तसंच, कितीही वेडंवाकडं वाटलं तरी, मला कळवा. बोटींच्या याद्या माझ्याकडे आहेत, मी बघून सांगते.