आईला युरोडायनॅमिक टेस्ट सांगितली आहे. फार दुखतं का? आणि ती करायलाच हवी का?

तुम्ही लिहिलंय की आई 58 वर्षांच्या आहेत, खोकला-शिंक आली की लघवी गळते, कधी बाथरूम गाठायच्या आतच होते, आणि टेस्टचं नाव काढलं की त्या नको म्हणतात. ताई, मी बडोद्याचीच, दांडिया बाजारात राहते. हीच टेस्ट, म्हणजे मूत्राशय लघवी कशी साठवतं आणि कशी सोडतं ते मोजून बघणं, दोन वर्षांपूर्वी माझी झाली.

आधी दुखण्याचं. नळी आत जाताना चिरचिरतं, अर्धा मिनिट फार तर. सुईपेक्षा कमी. मला जड गेली ती लाज, आणि तिच्यापायी माझी टेस्ट फुकट जायची वेळ आली होती.

लघवी भरलेली ठेवून या असं सांगतात. मधोमध भोक असलेल्या खुर्चीवर बसून ती करायची, खाली मोजायचं यंत्र असतं. त्यात धार किती जोराची ते कळतं. निदान 150 मिली तरी झाली पाहिजे. मग मागे किती उरली ते बघतात. त्यानंतर दोन बारीक नळ्या, एक मूत्राशयात आणि एक गुदद्वारात. दुसरी कशाला, असं मीही विचारलं. खोकलं की सगळ्या पोटाचाच दाब वाढतो. तो दुसऱ्या नळीने मोजून वजा केला की मूत्राशयाचा स्वतःचा दाब हाती येतो. मग सलाईनचं पाणी हळूहळू आत सोडतात आणि विचारत राहतात, आता जाणवलं का, आता घाई झाली का.

इथे मी चुकले. घाई होत होती, पण समोर दोघी अनोळखी बायका, म्हणून पाय आवळून ‘नाही, नाही’ म्हणत राहिले. टेक्निशियन बेन म्हणाल्या, “उधरस खाओ,” म्हणजे खोका, तर मी नुसता घसा खाकरला. त्यांनी स्क्रीन माझ्याकडे वळवली. रेघ वर चढत होती. “बेन, रेघ एक सांगते, तुम्ही दुसरंच सांगताय.” त्यांनी सगळं पाणी काढून पुन्हा भरलं. दुसऱ्यांदा मी मनापासून खोकले आणि गळू दिलं. तेव्हा दिसलं की खोकल्याबरोबर नाही, तर दोन-तीन सेकंदांनी मूत्राशय आपणहून आवळतं आणि मग गळतं.

त्या दोन-तीन सेकंदांनी माझं ऑपरेशन टळलं. आधी एके ठिकाणी नुसतं ‘खोकताना गळतं’ एवढं ऐकून पट्टी बसवायची तारीख देत होते. पट्टी मूत्रनलिकेला आधार देते, आवळणाऱ्या मूत्राशयाला शांत करत नाही. मला गोळी आणि लघवीला जायची वेळ थोडी थोडी लांबवत नेण्याचा सराव दिला, आता पुष्कळ बरं आहे. म्हणून आईंना एवढंच समजावा की तिथे गळलं तर काही बिघडत नाही, तेच तर बघायचं असतं.

आता, करायलाच हवी का? सगळ्यांना नाही. माझ्या डॉक्टरांनीच सांगितलं की 2012 मध्ये अमेरिकेत 630 बायकांचा अभ्यास छापून आला. फक्त खोकताना गळणाऱ्या, बाकी काही गुंतागुंत नसलेल्या बायकांत ऑपरेशनआधी ही टेस्ट केली काय, न केली काय, वर्षानंतरचा निकाल जवळजवळ सारखाच होता. पण आईंना खोकताना गळतं आणि घाईचंही आहे, आणि अशांचं ऑपरेशन ठरत असेल तर माझ्या मते करावी. ऑपरेशनचा विषयच नसेल तर आधी लघवीची तपासणी आणि कल्चर (लघवीत जंतू वाढतात का ते बघणं), सोनोग्राफी, साखर, आणि ओटीपोटाच्या स्नायूंचे व्यायाम नीट शिकून तीन महिने. लघवीत रक्त दिसत असेल किंवा लघवी अडकत असेल तर मात्र थांबू नका.

आणि लघवीची डायरी. तिला पैसे पडत नाहीत, म्हणून कोणी मनावर घेत नाही. तीन दिवस, किती वाजता किती प्यायलं, किती मिली झाली, कधी गळलं आणि तेव्हा काय करत होतो. मी आकडे असलेला प्लास्टिकचा मग बाथरूममध्ये ठेवला आणि कॅलेंडरच्या मागे लिहीत गेले. चार ते सातमध्ये तीन कप चहा, आणि दर वेळी लघवी जेमतेम 90-100 मिली. भरलेल्या मूत्राशयात 400 मिली सहज मावते! डॉक्टरांनी तो कागद रिपोर्टाच्या आधी वाचला.

टेस्टआधी कल्चर स्वच्छ हवं, जंतुसंसर्ग असताना करत नाहीत. पोट साफ असावं. मूत्राशयाच्या किंवा रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर काय करायचं ते विचारा, आपल्या मनाने बंद करू नका. नंतर एक-दोन दिवस जळजळ होते, पाणी भरपूर प्यायचं; ताप आला तर लगेच फोन. आत बाई टेक्निशियन असेल का हे अपॉइंटमेंट घेतानाच विचारून घ्या, आणि पिशवीत एक जादा परकर असू द्या.