पट्टे नसलेला वाघ्या

औशाहून विचारणा आलीय: कुत्र्यांची नावं रंगावरून पडतात, तर आमच्या आजोबांच्या काळ्याकुट्ट कुत्र्याचं नाव वाघ्या कसं?

रंगावरून नाव पाडायची रीत खरीच. काळ्या, तांबड्या, कबऱ्या, कपाळावर पांढरा टिळा असला की चांद्या. भुऱ्या मात्र जपून घ्यावा. मराठीत भुरा म्हणजे फिकट, मातकट. पण मराठवाड्यात, म्हणजे एकेकाळच्या निजामाच्या मुलखात, उर्दू-दखनीची ऊठबस, त्यामुळे चांगलं तपकिरी कुत्रंही भुऱ्याच ठरतं.

या नावांची घडण बघा. ‘काळं कुत्रं आलं’, पण ‘काळ्या आला’. पुल्लिंगी विशेषणाचं ‘काळ्या’ हे रूप एरवी विभक्ती लागतानाच दिसतं, नावात ते प्रथमेतही ठाण मांडून बसतं. टकल्या, लंगड्या त्याच साच्यातले, म्हणून त्यात सलगी आहे तशी थोडी हेटाळणीही. मादीला ही सोय नाही. ‘काळी’ हे विशेषण जसंच्या तसं राहतं, आणि आपल्याकडे काळी म्हटलं की आधी काळ्या मातीचं रान डोळ्यांपुढे येतं. मग तिचं नाव राणी नाहीतर चिंगी.

रंगाची खरी बारकाई जनावरांत. देवणी या गुरांच्या जातीत पांढऱ्या अंगावर काळी ठिगळं असली तर शेवरा, अंग पांढरं आणि तोंडाच्या बाजू काळ्या असल्या तर वानेरा. बाजारात त्याला मोल आहे. गावठी कुत्र्याला कोण एवढं निरखतंय?

आता वाघ्या. तांबूस अंगावर काळे पट्टे असलेल्या कुत्र्याला हे नाव शोभतंच, पण त्याची दुसरी वाट खंडोबाकडून येते. देवाच्या घोड्यासोबत कुत्रं असतंच. खंडोबाला वाहिलेले भक्त ते वाघ्ये. वाघाच्या कातड्याच्या पिशवीत भंडारा बाळगायचे, आणि देवाचं कुत्रं म्हणून भुंकून कोटंब्यातलं, म्हणजे भिक्षेच्या लाकडी पात्रातलं, खायचे. तिथून वाघ्या हे राखणदार कुत्र्याचं नाव झालं, रंग कुठलाही असो. खंड्याचंही तेच (पाण्यावरचा निळा पक्षी वेगळा). तुमच्या भागाला अणदूर-नळदुर्गचा खंडोबा जवळ, वर लोह्याकडे माळेगावला त्याचीच जत्रा. तिथे हे नाव न रुजतं तरच नवल. हल्लीचा टायगर पट्ट्यांशिवाय फिरतो, तो याच वाघ्याचा वारस.

घरचं कुलदैवत खंडोबा असेल तर उत्तर मिळालंच. नसेल तर पिल्लू कुणाकडून आणलं होतं ते जुन्या माणसांना विचारा. नाव पुष्कळदा पिल्लासोबतच येतं.